सर्वांत भारी कार्टूनची फाइल

आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे करायचं ठरलं, तेव्हा आमच्या कचेरीत कोणालाच काम सुचत नव्हतं. राज्य वेगळं झालं तेव्हा नुसत्या पाट्या रंगवाव्या लागल्या होत्या. आता माणसंच वाटली जाणार होती. कोणाला निर्मलकडे टाकतात, कोणाला थेट प्राणहितेच्या बाजूला बेज्जूरच्या जंगलात, याचे हुकूम निघायचे होते. आम्ही चौघं रोज दुपारी डबे उघडून तेवढंच चघळत बसायचो.

चौघांतला आवक-जावक सांभाळणारा माझा जुना दोस्त. बायको-पोरगी मुधोळला, हा इथं खोली करून राहायचा आणि दर शनिवारी बस धरून घरी जायचा. एका सोमवारी त्यानं माझ्यापुढे पेन ड्राइव्ह ठेवला.

"पोरगी म्हणते, बाबा, सर्वांत भारी कार्टून पिच्चर आना, आपन दोघं पाहू. मले काय समजते त्यातलं? तुह्या कम्प्युटरात आहेत ना, एक भरून दे. या रविवारी दाखवतो. बेज्जूरचा हुकूम निघाला तर मंग कायचं दर आठवड्याले घरी जानं होते!"

एवढंच काम होतं. पाच मिनिटांचं. पण आम्ही पडलो महसूलवाले!

मी म्हटलं, "म्हाताऱ्या कासवाचा देतो. त्याच्यासारखा दुसरा नाही." हेडक्लार्क साहेब डबा सोडून उठले. "काय बोलून राह्यले तुमी? उंदराच्या शाळेपुढं तुमचं कासव म्हंजे बिनसाखरेचा चहा!" नातवासोबत त्यांनी तो अकरा वेळा पाहिला होता. टायपिस्ट मॅडम तेलुगू. त्या म्हणाल्या, "अय्यो, हत्तीच्या पिल्लाचा विसरले का सार? माझी आई रडली होती."

वाद पेटला. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं, "तोंडी नाही चालनार. फाइल उघडा. तीन दिवस हरकती घ्या."

आणि हरकती आल्या, अहो, खरंच आल्या! चहावाला म्हणाला, हातानं काढलेली चित्रं तीच खरी, कम्प्युटरचं ते काही कार्टून नव्हे. शिपायाचं म्हणणं, ज्यात गाणी नाहीत तो पिच्चरच नाही. दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका कापूसवाल्यानं तर दरखास्त लिहून तिच्यावर पाच रुपयांचं तिकीट चिकटवलं. कोंबड्याच्या पिच्चरवर अन्याय झाला होता म्हणे! वरच्या साहेबांकडे फाइल गेली, ती 'चर्चा करा' असा शेरा घेऊन परत आली. चर्चेशिवाय आम्ही दुसरं करत तरी काय होतो?

प्रत्येक हरकतीवर आवक नंबर टाकत होता तो माझा दोस्तच. सुबक अक्षरात, तारखेसकट. शनिवारी मी त्याला हळूच म्हटलं, "बावा, कासवाचा भरला आहे. घेऊन जाय गुपचूप."

तो दुखावला. "फाइल चालू असताना? नियमात बसते का हे?" आणि रिकाम्या हातानं बसमध्ये चढला.

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. नवे जिल्हे चार, म्हणून सर्वश्रेष्ठ पिच्चरही चार. एकेका जिल्ह्याला एकेक. कोणीच नाराज नको! कोंबड्यालाही जागा मिळाली. हेडक्लार्क साहेबांनी सही ठोकली आणि त्याच दिवशी दोस्ताचा हुकूम आला. बेज्जूरकडे, ताबडतोब हजर व्हा. जीप तिकडेच निघाली होती, तिच्यात त्यानं ट्रंक टाकली. मुधोळला जाणं झालं नाही. मी चारही पिच्चर भरले, पेन ड्राइव्ह फाइलीला दोऱ्यानं बांधला, वर 'निकाली' लिहिलं आणि फाइल कपाटात ठेवून दिली. सवयीनं! मेल्या हाताला दुसरं काही येतच नाही.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. "रजेचा अर्ज टाकला हाय, वर पडून हाय. पोरगी रोज इचारते, पिच्चर मंजूर झाला का? मी सांगतो, फाइल चालू हाय."

मी फोन ठेवला. कपाट उघडलं, दोरा तोडला आणि रविवारी मुधोळ गाठलं.

पोरगी दारातच होती. मी पेन ड्राइव्ह पुढे केला. "घे बेटा, मंजूर झाला. एक नाही, चार!"

तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि टीव्हीवरच्या डब्यात नीट ठेवून दिला.

"काऊन, लाव ना," मी म्हटलं.

"बाबा आल्यावर. आमी दोघं पाहनार होतो."

मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काका, बाबाची फाइल कोनाजवळ आहे?"