केरबांच्या बांधावरचा डबा

मतीनला रस्त्यात रिकामा डबा दिसला की तो उचलायचा. झाकण दोन-तीनदा लावून काढून बघायचा, मग पिशवीत टाकायचा. दुसऱ्याच्या रानात शिरताना चपला काढायचा. मुलांना ‘सापडलं का?’ असं कधी विचारायचा नाही. ‘कुठं कुठं बघितलं?’ म्हणायचा. कुणी रागावलं की आधी हसायचा.

हसायची सवय गेल्या हिवाळ्यात सुटली.

पलूसला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. रविवारी सकाळी तो गल्लीतल्या मुलांना शिवारात न्यायचा. आदल्या दिवशी कुठंतरी डबा लपवलेला असायचा. त्या जागेचे अक्षांश-रेखांश तो मुलांना द्यायचा आणि सगळी पोरं एका मोबाइलवरचा बाण बघत निघायची. जागा जवळ आली की मोबाइल खिशात. पुढं डोळे वापरायचे. डब्यातली गोटी घेतली तर आपलं काहीतरी त्यात ठेवायचं. पोरं दिशा शिकली, झाडं ओळखायला लागली.

केरबा आणि नाथाजी हे सख्खे भाऊ. रानं शेजारी-शेजारी. मधला बांध दोघांच्या नांगरांनी कोरून कोरून संपलेला. हद्दीचा एक दगड तेवढा उभा. ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानात तो लांबून दिसायचा. मतीनच्या घरात कधी शेती नव्हती. त्याला तो नुसता दगड वाटला. त्याच्या बुडाशी त्यानं डबा पुरला.

पोरांनी दगड लोळवला, उकरलं, डबा काढला. मतीननं पायानं खड्डा बुजवला आणि अंदाजानं दगड पुन्हा उभा केला.

त्याच आठवड्यात नाथाजीनं ट्रॅक्टर लावून दगडाला धरून सऱ्या पाडल्या. संध्याकाळी केरबा रानात आले आणि दगड आपल्याकडं सरकलेला बघून थबकले.

“दगूड सरकावलास व्हय रं?”

“म्या? दादा, म्या हात लावला आसंल तर हात झडंल माजा.”

हे सगळं मतीनला दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं. हातातला स्क्रू खाली पडला, तो त्यानं शोधलाही नाही. भावांचं बोलणं बंद झालं. सामाईक विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्या मोडल्या. मतीन रोज ठरवायचा, आज सांगू. रोज कुणीतरी मोबाइल घेऊन यायचं आणि त्याला बरं वाटायचं.

मग नाथाजीची लेक प्रियदर्शनी स्क्रीनगार्ड बदलायला आली. दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा होता.

“केरबाआबा येणार न्हाईत म्हणं,” ती म्हणाली. “आमच्यात सगळं त्येंच्याच हातनं हुतं, मतीनदादा. मला सायकल त्येंनीच शिकवली.”

तिचा आवाज साधा होता. मतीननं काच बसवली, शटर ओढलं आणि दोघा भावांना रानात बोलावून घेतलं. एका दमात सगळं सांगितलं.

नाथाजी खाली बसला. “बघ दादा. गोट्यांच्या डब्यापायी मी चोर झालो.”

केरबांनी त्याला हात देऊन उठवलं. मग म्हणाले, “चुकलं माजं. उद्या येतो मी.” आणि मतीनकडं वळले. “पर दगूड हुता कुठं?”

“मोबाइलात नोंद हाय, बापू.”

नकाशावर ठिपका आला. ठिपक्याभोवती निळं वर्तुळ, दगड त्यात कुठंही असू शकत होता. वर्तुळात दोघांच्याही सऱ्या आल्या.

“आवं ह्यात तर सगळंच आलं की,” नाथाजी म्हणाला. “आन ह्येच पोरास्नी शिकवतोस व्हय?”

“हितं हुता,” केरबांनी पाय ठेवला. नाथाजीनं हातभर अलीकडं ठेवला. दोघं थांबले. पुन्हा तेच सुरू होतंय, हे दोघांनाही कळलं.

“त्यानं उचललाय, त्योच ठेवू दे,” केरबा म्हणाले. “ठेवशील तिथं आमी मानू, गड्या.”

मतीननं दगड उचलला. खालची माती नांगरलेली, ओली, सगळीकडं सारखी. दोघंही दुसरीकडं बघत होते, म्हणजे त्याला संकोच नको. तो हातभर इकडं सरकला, हातभर तिकडं. कुणाचं तरी रान आपल्या हातून जाणार, एवढंच त्याला दिसत होतं. हात भरून आले. त्यानं दगड सरीत आडवा टेकवला आणि म्हणाला, “उद्या ठेवतो, बापू.”

साखरपुड्याला केरबा आले, पानसुपारी त्यांच्याच हातून झाली. मतीनला दोघांनीही आग्रहानं पेढा भरवला. रविवारचं शिवार मात्र त्यानं बंद केलं. पोरं दुकानाशी येऊन विचारतात, तो चार्जरची वायर गुंडाळत राहतो.

लावण होऊन ऊस आता गुडघ्याला आलाय. मतीन अधूनमधून रानाशी जाऊन उभा राहतो. दगड अजून आडवाच आहे.