न फाडलेलं लुगडं

आमच्या काकीला मूल नव्हतं. पण कराडकडच्या आमच्या गावात त्या सत्तरच्या दशकात जन्मलेलं एकही पोर तिच्या हातच्या गोधडीवाचून वाढलं नसेल. कुणाला सातवा लागला, की काकी निघालीच. घरोघर जाऊन जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं मागायची. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आजीचं, मावशीचं, शेजारणीचं, ज्यांच्या ज्यांच्या मायेत ते पोर वाढणार, त्या सगळ्यांचा एकेक तुकडा गोधडीत पडायचा.

दुपारी भांडी आवरली, की तिच्या मैत्रिणी आमच्या सोप्यात जमायच्या. बायका टाके घालायच्या आणि काकी वाचनालयातून आणलेली कादंबरी मोठ्यानं वाचायची. ऐन रंगात आलं, की लबाडीनं पुस्तक मिटायची. "आदी तीन वळी घाला, मग फुडचं!" बायका तिला शिव्या घालत भराभर सुया चालवायच्या. नायिकेवर वाईट प्रसंग आला, की मात्र काकीचाच आवाज जायचा. मग पुस्तक माझ्याकडे यायचं आणि काकी नाक ओढत टाके घालत बसायची.

एका गोष्टीवरून सगळ्या तिला छळायच्या. गावभर लुगडी मागत फिरणाऱ्या या बाईनं स्वतःचं एकही लुगडं कधी फाडलं नाही. चुलते फौजेत होते. सुट्टीवर येताना तिला लुगडं आणायचेच. "नवऱ्यानं आणल्यालं, त्याला कशी लावंल कात्री!" म्हणून बायका हसायच्या, माझी आई सगळ्यात मोठ्यानं. काकीही हसायची.

पुढं माझं लग्न झालं, मी सांगलीला गेले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा काकी अंथरुणाला खिळली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. हाताच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. मी उशाला बसून तिला वाचून दाखवायची. बाळ बघेपर्यंत तेवढी राहू दे, एवढंच देवाकडे मागत होते.

एका दुपारी मी लाडात येऊन म्हटलं, "काकी, माझ्या बाळाच्या गोधडीत तुझं लुगडं पाहिजे. ते हिरवं."

तिनं मान फिरवली. "माझं नगं गं. लेकुरवाळ्या बायांचं घ्यावं. माझं कापड बाळाच्या अंगाला कशाला? आजवर कुणाच्या घातलं न्हाई."

दारात आई उभी होती, तिनंही ऐकलं. इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवून आम्हाला हे कळलं नव्हतं. तिला तसं कधी कुणी बोललं नव्हतं. तिनंच मनाशी धरलं होतं, आणि आम्ही हसत होतो.

आईनं काकीची ट्रंक उघडली. हिरवं लुगडं काढलं, काठाला दातानं चीर दिली आणि काकीच्या समोरच टर्रकन फाडलं.

"आक्का, आवं काय करताय!"

"गप बस. टाकं तूच घालायचंस." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काकीनं उशीला टेकून एका कोपऱ्यात दोनेक ओळी घातल्या, त्याही वाकड्यातिकड्या. तिच्या हातचा वाकडा टाका मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. सुई तशीच खोचून ती आडवी झाली. त्याच आठवड्यात काकी गेली.

राहिलेली गोधडी तिच्या मैत्रिणींनी पुरी केली. मी पुस्तक घेऊन बसले होते, पण वाच म्हणून कुणी म्हटलं नाही. एकीनं तो वाकडा कोपरा उसवून नीट करू का विचारलं, तर आई तिच्यावर खेकसली.

मला मुलगी झाली. घरी आल्यावर आईनं गोधडी अंथरली, हिरवी बाजू वर करून. पोर टाहो फोडत होती. आईनं तिला अलगद त्या कोपऱ्याशी निजवलं आणि म्हणाली, "घे गं बाई, तुझी नात."