झोपाळ्याखालचं कानातलं

बस डेपोतून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी धातू शोधायचं यंत्र घेतलं. काठीच्या टोकाला थाळीएवढी चकती, कानांवर हेडफोन. मैदानं, पाडलेल्या घरांच्या जागा, रस्त्यासाठी उकरलेली माती, कुठेही फिरायचं. मिळायचं काय, तर बाटल्यांची झाकणं, खिळे आणि क्वचित एखादं झिजलेलं जुनं नाणं. "लोकांचे नवरे निवृत्त झाले की पेपर वाचतात, आमचे हे जमीन वाचतात," असं बायको शेजारणींना सांगायची. पोरं त्यांना खणूकाका म्हणत. त्यांना ते आवडायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं सोन्याचं कानातलं हरवलं, तेव्हा पहिली हाक त्यांनाच आली. वहिनी नातवाला घेऊन अंगणातल्या झोपाळ्यापाशी बसल्या होत्या, म्हणजे पडलं तर तिथेच. सगळी इमारत गोळा झाली. एवढे प्रेक्षक काकांना जन्मात मिळाले नव्हते. पण झोपाळ्याखाली चॉकलेटच्या चांदीच्या कागदांचा खच. यंत्र पावलापावलाला कुरकुरायला लागलं. काका उकरायचे आणि कागद निघायचा. पोरं हसली. मग काकांनी बटण दाबून त्या कागदांचा आवाजच बंद करून टाकला. यंत्र कसं शहाण्यासारखं गप्प झालं.

"वहिनी, इथे नाही," ते खड्या आवाजात म्हणाले. "मातीत असतं तर माझ्या यंत्राने सोडलं नसतं. घरातच बघा."

घरात बाहेरचं माणूस एकच यायचं, कामवाली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी तिला काढलं. मग बाकीच्या घरांनीही.

पातळ सोनं आणि चांदीचा कागद यंत्राला सारखेच ऐकू येतात, हे या नादातला नवशिकाही जाणतो. त्या दिवशी ते आपल्याला आठवलंच नाही, असं काका स्वतःला समजावत राहिले. पण जेवताना घास तोंडात फिरायला लागला, तशी एका दुपारी अंगणात कुणी नसताना ते गेले. बटण दाबून कागदांचा आवाज पुन्हा चालू केला. जिथे कुरकुर होईल तिथे उकरलं. कागदांच्या ढिगाऱ्यातून कानातलं निघालं, बोटभर खोलीवर.

वहिनी हरखल्या. "भाऊजी, तुमच्या हाताला यश आहे हो."

"मग त्या बाईंना..."

"आता नवी लागलीय. झालं गेलं उगाळून काय मिळणार? आणि तिला कुठे कामं कमी आहेत?"

कामं कमी नव्हती. ती काकांना एका खानावळीच्या मागे भांडी घासताना सापडली.

"बाई, ते कानातलं मिळालं. झोपाळ्याखाली होतं. चूक माझी झाली."

तिने कढई पालथी घालून तळ घासायला घेतला. "इथे कशाला सांगताय, काका? इथे मला कुणी चोर म्हणत नाही."

काकांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. माफी मागायची तीही आडोसा बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं कामावर निघायच्या वेळी, ते झोपाळ्यापाशी उभे राहिले. हातात यंत्र नव्हतं, तर हातांचं काय करावं ते कळेना.

"आज काय हरवलं, खणूकाका?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही. त्या दिवशी मी नीट शोधलंच नव्हतं. पोरं हसली म्हणून यंत्राचा आवाज बंद केला. कानातलं इथेच होतं. त्या बाईंनी काही घेतलं नव्हतं."

माणसं थबकली. बायको खिडकीतून आत सरली. वहिनींच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला.

"मोठ्याने बोला, काका," वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं. "इथवर ऐकू येत नाही."

काकांनी मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.