दुबात काकांची साक्ष

एल-हगरमध्ये माणूस जन्माला येतो आईच्या पोटी, पण केनियाचा होतो तो दुबात काकांच्या तोंडून, असं आम्ही म्हणायचो. हसत म्हणायचो, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की आमच्या पोरांना सरकारी ओळखपत्राच्या कार्डासाठी पंचांसमोर उभं राहावं लागतं. कार्ड नाही तर नोकरी नाही, फोनचं सिम नाही, गारिसाच्या पुलापलीकडे पाऊल टाकणं नाही. खाली नैरोबीकडे म्हणे पोरं जन्मदाखला दाखवतात आणि कार्ड घेऊन घरी येतात. आम्ही पडलो सोमाली, त्यातून सरहद्दीला चिकटून राहणारे. आम्ही इकडचे की तिकडचे, हा प्रश्न आम्हाला सोडून सगळ्यांना पडतो.

पंच पाच असले तरी खरा पंच एकच, दुबात केनान. उंच, थोडा वाकलेला, दाढीला मेंदी, बोलणं मोजकं. माझी चहाची टपरी कचेरीच्या दारासमोरच, त्यामुळे बैठकीच्या दिवशी काका आधी माझ्याकडे येत. उंटिणीच्या दुधाचा चहा, चार चमचे साखर घालून, आणि तरी वर म्हणत, "शम्सो, साखर उधारीवर आणतेस का गं?"

पोरगं समोर आलं की काका विचारत, "बापाचं नाव सांग. त्याच्या बापाचं. अजून वर जा." बारा पिढ्या वर जावं लागे. मग तुमचे उंट कोणत्या विहिरीवर पितात, डाग मानेवर देता की मांडीवर. एकदा एक पोरगा नवव्या नावाला अडखळला. काकांनी त्याला घरी पाठवलं. त्याचं एक वर्ष फुकट गेलं. मी म्हटलं, "काका, पोरगं घाबरलं होतं हो."

"घाबरलेला माणूस बापजाद्यांची नावं विसरत नाही, शम्सो. उसनी आणलेलीच नावं विसरतात."

आता माझंच सांगते. माझा बाप मी रांगत असताना गेला, आईने दुसरं घर केलं, आणि ती सरहद्दीपलीकडची अशी गावात कुजबूज होती. पंचांपुढे मला चौथ्या नावाच्या वर जाता येईना. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि उरलेली आठ नावं त्यांनी स्वतःच घडाघडा म्हटली. "ही आपली आहे," म्हणाले. ती आठ नावं त्यांनी कुठून आणली, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

देको ही त्यांची शेंडेफळ. एकोणीस वर्षांची, तोंडाने तिखट, नाकाने त्याहून तिखट. डांबरी रस्त्यावर उंटिणीच्या दुधाची डेअरी निघाली, तेव्हा दूध तपासायला माणूस हवा होता. दोघं येऊन गेले. देकोने भांड्याचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरून सांगायची, हे कालचं, यात पाणी, हे भांडं धुरी देताना जास्त धुरावलंय. डेअरीचा मॅनेजर मुरीथी खाली मेरूकडचा, आमच्यातला नव्हे, पण भला माणूस. तो म्हणाला, "पोरी, एक तारखेला कार्ड घेऊन ये. कार्ड नसताना तुला आत घेतलं तर मलाच बाहेर काढतील."

ती नाचतच टपरीवर आली. "मावशी, आता पंचांची कसली भीती? पंच माझ्याच हातचं जेवतात."

मी हसले. काका बाकावर बसले होते, ते हसले नाहीत. अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेले. म्हातारपण, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं.

त्या वर्षी कचेरीत बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र नव्याने आलं होतं. देकोने दहाही बोटं टेकवली. कारकुनाने पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पडदा साहेबांकडे वळवला. साहेब म्हणजे पंचांवरचा सरकारी माणूस, नव्याने बदली होऊन आलेला. त्यांनी विचारलं, "छावणीतून कधी आलीस?"

"कुठली छावणी? मी इथलीच."

"यंत्र म्हणतंय, तू निर्वासित आहेस."

छावणीचं गावात कोणाला ठाऊक नव्हतं? देको पाच वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. उंट उभ्याउभ्या कोसळत होते. दोन दिवसांच्या वाटेवर निर्वासितांची छावणी होती, तिथे पीठ मिळे, तेल मिळे, पण फक्त सरहद्द ओलांडून आलेल्यांना. मग अर्धं गाव पलीकडून आल्याचं सांगून रांगेत उभं राहिलं. काकाही बायकोला आणि देकोला घेऊन गेले. खोटं नाव, खोटं गाव, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाचा बाप चुकवला नाही, त्याने आपल्या बारा पिढ्या खोट्या सांगितल्या. बोटं टेकवली. पाऊस पडल्यावर सगळे परत आले आणि ती गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही. मोठ्यांकडे आधीपासूनच कार्डं होती, त्यांना कोण तपासतंय? पोरांची बोटं मात्र तिकडे राहिली.

कारकून आमच्यातलाच. त्याने काकांना बाजूला घेऊन वाट सांगितली. बापाने पुढे यावं, बोट टेकवावं. बाप छावणीच्या यादीत निघाला आणि त्याचं कार्ड छावणीच्याही आधीचं असलं, तर भुकेपोटी खोटं बोलल्याचं सिद्ध होतं, पोरीला कार्ड मिळू शकतं. सुनावणी अठ्ठावीस तारखेला ठरली.

हे गावात फुटायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर काकांच्या अंगणात माणसं जमली. काकांनी ज्यांना 'आपला' म्हटलं होतं, अशी ती तीनशे घरं. "काका, तुम्हीच निर्वासित ठरलात तर तुमच्या शब्दावर मिळालेली आमची कार्डं काय राहतील? एका पोरीच्या नोकरीपायी सगळ्यांना बुडवणार?" बोलायला सगळे पुढे होते. ज्याला काकांनी परत पाठवलं होतं आणि पुढच्या वर्षी घेतलं होतं, तो पोरगाही होता.

मीही गेले. खोटं कशाला सांगू? सगळे गेल्यावर गेले, एवढीच काय ती लाज. म्हटलं, "काका, माझं काय होईल?"

ते रागावले नाहीत. "पोरगी जेवत नाही, शम्सो," एवढंच म्हणाले. मग मी उठले तेव्हा म्हणाले, "पीठ मी खाल्लं आणि कार्ड तिचं गेलं."

बाहेर पडताना देको दारात उभी होती. तिने माझा हात धरला. "मावशी, मी तुझ्या हातांवर जन्मले. लागलं तर तू सांगशील ना साहेबांना?"

"सांगेन की," मी म्हटलं. घरी आल्यावर मी माझं कार्ड काढून पाहिलं आणि पिठाच्या डब्याखाली लपवून ठेवलं. कोणापासून लपवत होते, देव जाणे.

अठ्ठावीस तारखेला कचेरीच्या दारात गर्दी होती, पण आवाज नव्हता. मी साहेबांसाठी चहा घेऊन आत गेले होते. काका पंचांच्या बाकावरून उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे देकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि बोट टेकवलं. यंत्राने वेळ घेतला. मग कारकुनाने मान खाली घातली.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हीही निर्वासित."

"साहेब, माझं कार्ड चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. छावणीत मी खोटं बोललो. पोटासाठी बोललो."

"तिथे खोटं बोललात की इथे, हे मी कसं ठरवू? चाळीस वर्षांपूर्वी कार्ड कोणी कसं दिलं, कोण जाणे. ठसे मात्र समोर आहेत." त्यांनी काकांचं कार्ड घेतलं आणि खणात टाकलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "पंच किती वर्षं आहात?"

"तीस."

"किती जणांना इथलं ठरवलंत?"

साहेबांनीच कचेरीची वही ओढून पानं चाळली. वहीत पानोपानी 'पंचांची संमती' एवढंच होतं, कोणी कोणासाठी शब्द टाकला ते कुठेच नव्हतं. बाकीचे चार पंच जमिनीकडे बघत होते. त्यांच्या घरातही पोरं होती. साहेब उठले, आणि सगळ्यात जवळ होते मी.

"या बाईला ओळखता? हिच्यासाठी तुम्हीच बोललात का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रोज सकाळी बघायचे तसंच.

"नाही," ते म्हणाले.

"तो दारातला पोरगा?"

"नाही ओळखत." मग कोणी विचारायच्या आत ते सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "इथल्या कोणालाच मी ओळखत नाही, साहेब. मी बाहेरचा माणूस."

"आबा," देको म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना ते निभावलं नसतं.

साहेबांनी सुस्कारा सोडला, टेबलाकडे परतले आणि गर्दीला विचारलं, "मग ही मुलगी इथे जन्मली, असं सांगणारं कोणी आहे? ज्याला सांगायचंय त्याने आपलं कार्ड आधी टेबलावर ठेवावं, तपासणीसाठी."

देको वळली आणि थेट माझ्याकडे बघत राहिली. आमच्यात चार हातांचं अंतर होतं. माझ्या हातात चहाचा पेला होता आणि त्यावर साय धरत होती. मी सायीकडे बघत राहिले. दारातल्या गर्दीतून माणसं एकेक करून मागे सरकली, इतकी हळू की चपलांचाही आवाज झाला नाही. साहेबांनी देकोच्या कागदावर नामंजुरीचा शिक्का मारला.

एक तारखेला डेअरीच्या फाटकातून गारिसाचा कोणी एक जण आत गेला. तीन महिन्यांनी नैरोबीहून माणसं आली आणि गावातली सगळी कार्डं वहीशी ताडून तपासून गेली. दुबात काकांनी कोणाची साक्ष दिली होती, हे एकालाही सांगता आलं नाही. माझं कार्ड खरं ठरलं.