नेकनूरला नेलेली चित्रं आणि एक धुरकट कागद

त्या वर्षी पावसाळा कोरडा गेला. बीडजवळच्या बिंदुसरा धरणाचं उपग्रहावरून टिपलेलं चित्र मी माझ्या विज्ञानचित्रांच्या ब्लॉगवर टाकलं होतं: आटत्या पाण्याभोवती तपकिरी, पिवळी, राखाडी वलयं. ते पाहून नेकनूरजवळच्या एका दूध सोसायटीचे सचिव, जगन्नाथराव, यांचा फोन आला. "तुमची इज्ञानाची चित्रं गावात आणा. दूध येत न्हाई, हॉल मोकळाच हाय. पर दसऱ्याच्या आत या. मंग माणसं ऊसतोडीला जात्यात." चित्रं दाखवायला कुणी बोलावलं की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. लगेच निघाले.

पुण्याहून नगर, कडा, आष्टी, जामखेड करत एसटी मांजरसुंब्याला सोडते. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. पिठलं-भाकरी आणि ठेचा झकास मिळतो. पुढे नेकनूरला शेअर जीप, वीस रुपये, पण भरल्याशिवाय हलत नाही. पिण्याचं पाणी सोबत घ्या. मी घेतलं नव्हतं. टँकर चार-चार दिवसांनी येणाऱ्या गावात मी पाणी मागितलं आणि त्यांनी तांब्या काठोकाठ भरून दिला. त्याची लाज अजून वाटते.

हॉलमध्ये दुधाचे कॅन पालथे पडले होते. दोरीला चिमटे लावून चित्रं टांगली: परागकण, माशीचा डोळा, उसाच्या कांडीचा आडवा छेद. उसापुढून बायका हलेनात. "आमी एवढा तोडला, पर आतून असा आसतो हे कुणी दावलं न्हाई," एक म्हणाली. मग धरणाच्या चित्रापुढे मी नेहमीचं भाषण सुरू केलं. रंग बघा, वळणं बघा, किती सुंदर!

"सुंदर हाय, ताई," जगन्नाथराव हळूच म्हणाले, "पर ते आमचं पानी हाय."

पुढच्या चित्रांची मी नुसती नावं सांगितली.

चित्रं उतरवताना एक बाई मागे थांबल्या. रुक्मिणबाई, चाळिशीच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. जुन्या साडीच्या घडीतून त्यांनी सोनोग्राफीचा कागद काढला, धुरकट झालेला.

"ह्यो बी फोटोच हाय न्हवं? माज्या पोटाचा, जुना. वाचून सांगा."

"मी डॉक्टर नाही हो."

"माशीच्या डोळ्याचं तर सगळं सांगितलं."

पंचविशीत त्यांना डॉक्टरने सांगितलं होतं, गर्भाची पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात खाडा पडतो, मजुरी बुडते, म्हणून घरच्यांनीही हो म्हटलं. पिशवी गेली.

"आता माज्या लेकीला तेच सांगितलंय. चोवीस वर्सांची हाय. फडावर निघायच्या आधी काढायची म्हणत्यात. म्हून इचारते, माजी खरंच खराब व्हती का?"

माझी बहीण पुण्यात सोनोग्राफीची डॉक्टर आहे. रुक्मिणबाईंना विचारून मी कागदाचा फोटो घेतला आणि त्यांचा नंबर लिहून घेतला. परतीची एसटी बीडहून धरली. वाटेत पालीला उतरून धरण बघायचं ठरवलं होतं. उतरले नाही. तुम्ही बघा, मला धीर झाला नाही.

बहिणीने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "एका जुन्या चित्रावरून पक्कं सांगता येत नाही. पण काढावी असं यात मला काही दिसत नाही. मुलीला आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला सांग."

दोन दिवस मी रुक्मिणबाईंना फोन केला नाही. पंधरा वर्षांपूर्वी गेलेलं परत येणार नव्हतं, मग सांगून जखम का उघडायची? पण लेकीसाठी सांगणं भाग होतं. बहिणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"मंजी चांगली व्हती."

"बहुतेक."

"तवापास्नं कंबर धरून ऊस तोडते, ताई," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मीही रडले. फोन दोघींनीही ठेवला नाही. मग त्या म्हणाल्या, "लेकीची न्हाई काढू देत."

पुढचं जगन्नाथरावांनी कळवलं. बीडच्या दुसऱ्या डॉक्टरांनी लेकीला गोळ्या दिल्या, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. दसरा झाल्यावर मायलेकी वेगवेगळ्या टोळ्यांतून फडावर गेल्या. निघताना रुक्मिणबाईंनी तो कागद लेकीच्या ट्रंकेत ठेवला. कुणी ऑपरेशनचं नाव काढलं, तर हो म्हणायच्या आधी आईचा हा फोटो बघ, असं तिला बजावलंय.