ताक कळकतं की भांडं?

मास्तरांचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की ताक कळकतं, भांडं नाही, असं ते म्हणतात. मी म्हणतो, ताक ओतून देऊन नवं घुसळता येतं; झिजतं ते भांडं, मग नाव ताकाचंच का? हा वाद आता सोलापूर ते कराची पोस्टकार्डांवर चालतो. सिद्धप्पा मास्तरांना साठ वर्षं पुरी होताहेत, त्यांच्या गौरव अंकात चौथीतून शाळा सोडलेल्यानंही चार ओळी लिहाव्यात, असं अंक काढणाऱ्या मंडळींनी कळवलं, म्हणून हे लिहिणं.

मास्तरांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. ओळख झाली ती गिरणीच्या फाटकाशी. माझी आई तिथं पितळी हंड्यातून ताक विकत असे. एके दिवशी चार कामगार ओकले आणि गर्दी जमली.

"बाई, ताकात काय कालवलंस?" गिरणीतला मुकादम, जॉबर, ओरडला.

"पोराच्या गळ्याची आन, पान्याबिगर काय बी न्हाय!"

"म्हंजी पानी तरी हाय की!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण तिला फाटकावरून उठवायचंच ठरत होतं. आमची चूल त्या ताकावर होती.

मास्तर रोजचे गिऱ्हाईक. त्यांनी हंड्यात आतून बोट फिरवून पाहिलं. त्याच घुसळणीचं ताक मडक्यात उरलं होतं, ते मागवून तांब्याभर प्यायले आणि दगडावर बसले. "भोंगा होईतो बसतो. ओकलो, तर बाईंना खुशाल उठवा."

भोंगा झाला. मास्तर उठले ते धोतर झटकत. म्हणाले, "आंबट धातूला खातं. जस्ताला झटक्यात, तांब्याला सावकाश, हवेला सोबत घेऊन. पितळेत दोन्ही असतात. मधे कथलाचा पदर हवा. बाईंचा हात चोख आहे, हंड्याची कल्हई गेली आहे."

"अशी एकाएकी कशी गेली?" जॉबरनं विचारलं.

मास्तरांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "जाते," एवढंच म्हणाले. आईची जागा राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत बोलावून तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवायला लावले. एक कोरडा, एक उकळलेल्या पाण्यात, वर तेल, एक अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. आठवड्यानं तिसराच गंजला. "एकट्या पाण्यानं लोखंडाचं वाकडं होत नाही, एकट्या हवेनंही नाही. दोघं जमली की मात्र खैर नाही."

आज कराचीच्या गोदीत मी बोटींचा गंज खरवडतो. पाण्याच्या रेषेपाशी तो सगळ्यांत जाड असतो. नंतर शेंदराचा रंग लावतात. मी मास्तरांना कळवलं, बोटींचा मारुती करतो. त्यांचं उत्तर आलं: "ती बोटीची कल्हईच समज."

हा अंक आईला कुणीतरी वाचून दाखवील, म्हणून इथंच सांगतो. आई, आदल्या दिवशी तुझा हंडा मीच चिंच आणि वाळू घेऊन आतून घासला होता. पांढुरका थर मळ वाटला. सोन्यासारखा दिसला की तू खूश होशील, असं वाटलं. मास्तरांनी हे माझ्या खरचटलेल्या बोटांवरून ओळखलं होतं. त्यांनी ते ना गर्दीला सांगितलं, ना तुला, ना कधी मला बोलून दाखवलं.

तेव्हा वाद मी सोडतो. भांडं झिजवलं ते मी; कळकलं ते ताकच.

मास्तरांचे दात, डोळे आणि पायांतलं बळ शंभरीपर्यंत शाबूत राहोत. त्यांच्या घरच्या सगळ्या भांड्यांना आणि आईच्या हंड्याला मंडळींनी माझ्या नावानं कल्हई करून द्यावी. त्यासाठी मनीऑर्डरीनं पाठवले आहेत रुपये सात.