सातवी फेरी

‘अंदाजे’ हा शब्द क्रोशावाल्या काकूंसमोर उच्चारायची सोय नव्हती. माझ्या आईने एकदा सहज विचारलं, या लेसला अंदाजे किती दोरा लागेल हो? काकू आत गेल्या, वही घेऊन आल्या आणि किती गुंड्या लागतील, शेवटी किती हात दोरा उरेल, तेही सांगून मोकळ्या झाल्या. मग जरा घुश्शातच म्हणाल्या, “अंदाजाने भाजीत मीठ घालावं. विणकाम मोजून होतं.”

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. क्रोशाची सुई तशी सोसायटीतल्या बऱ्याच बायकांच्या हातात असायची, पण त्या एकमेकींचं पाहून विणायच्या. काकू नमुने स्वतः रचायच्या आणि लिहून ठेवायच्या. चौकटीच्या वहीत एका ओळीत एक फेरी: किती साखळ्या, किती खांब, टाके कुठे वाढवायचे. लिहिलेला नमुना त्या मला विणायला द्यायच्या. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला साखळी आणि खांब या दोन टाक्यांपलीकडे काही येत नव्हतं.

“येत नाही म्हणून तर तुला बोलावलं,” त्या म्हणायच्या. “येणारी बाई वाचत नाही, मनाने करते. तू मनाने काही करू नकोस. चुकलीस तर चूक माझ्या लिहिण्यात आहे.”

इतकी वर्षं नोकरी केली, पण असं म्हणणारा वरिष्ठ मला दुसरा भेटला नाही.

ते दिवस बाजार खुला होण्याचे होते. घराघरात केबल आली होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गुळगुळीत कागदाची नवी नवी मासिकं लटकू लागली होती. त्यातल्या एका हिंदी महिला मासिकाने वाचकांकडून नमुने मागवले. काकूंनी आपला सर्वांत आवडता, ताऱ्याचा गोल मेजरुमाल निवडला. त्याची कृती माझ्या मदतीने हिंदीत उतरवली, विणलेला रुमाल घडी करून सोबत ठेवला आणि पाकीट पाठवून दिलं.

तीन महिन्यांनी रुमाल छापून आला. पानभर रंगीत फोटो, तोही काकूंनी पाठवलेल्या रुमालाचाच. खाली नाव होतं ‘हमारी हस्तकला विशेषज्ञ’ म्हणून कुण्या दुसऱ्याच बाईचं.

हे कमी होतं म्हणून की काय, दोन आठवड्यांनी वरच्या मजल्यावरच्या मेहरा आंटी एक विणलेली वस्तू घेऊन खाली आल्या. मासिकात बघून त्यांनी तोच रुमाल केला होता, पण तो मेजावर पसरतच नव्हता, टोपीसारखा उभा राहत होता. मेहरा आंटी बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, “भाभीजी, मेरे हाथ में ही कुछ खराबी है.” काकूंनी मासिक उघडलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सातवी फेरी गायब होती. टाके वाढवायची नेमकी तीच फेरी होती. पानात जागा पुरेना, म्हणून कुणीतरी ती उडवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने नोएडाला गेलो. मासिकाचं ऑफिस नवंकोरं होतं, आतल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. तिथल्या टायवाल्या संपादकाने आमचं ऐकताना दोनदा घड्याळ पाहिलं. काकूंच्या मागण्या दोनच होत्या. नाव छापा आणि सातवी फेरी छापा. त्याने हसून विचारलं, “आंटी, डिझाइन तो घर घर में बनता है. इसमें लेखक कहाँ से आ गया?” आणि वर्षभर मासिक फुकट पाठवायचं कबूल केलं. त्याच्या त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. लग्नाआधीपासून रात्रंदिवस डोक्यात नमुने घेऊन वावरणाऱ्या बाईला तो ‘घर घर में’ म्हणत होता.

परतीच्या बसमध्ये काकूंनी मांडीवर मासिक उघडून सहाव्या फेरीखाली बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “नाव खाल्लं, ते एक वेळ सोडून देईन. पण सातवी फेरी खाल्ली गं. कितीजणींनी विणलेलं उसवलं असेल आणि आपल्यालाच काही येत नाही म्हणून गप्प बसल्या असतील.”

काकांना हे सगळं नको होतं. सरकारी नोकरी आहे, तक्रारी कसल्या करायच्या, रुमालच तर आहे, असं ते म्हणाले. काकूंनी शांतपणे विचारलं, “तुमच्या टिपणीवर दुसऱ्याने सही ठोकली तर चालेल का?” काकांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. त्यांचाही मला राग आला होता.

पुढची दोन वर्षं काकूंनी पुस्तक लिहिलं. बावीस नमुने, डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. प्रत्येक नमुना मी विणून पाहिला. जिथे अडले तिथे काकूंनी वाक्य बदललं. छापखान्याच्या मालकाने लेखकाच्या जागी भाईसाहबांचं, म्हणजे काकांचं, नाव टाकायचं ना, असं विचारलं, तेव्हा काकूंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. कोपर्निकस मार्गावरच्या एका मराठी मेळ्यात टेबल मांडून त्यांनी पुस्तकं विकली. विकत घेणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, कुठे अडलात तर पत्र टाका. पत्रं येत, आणि काकू प्रत्येकीला उत्तर लिहीत.

काका निवृत्त झाले आणि दोघांनी साताऱ्याला परत जायचं ठरवलं. सोसायटीने निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सेक्रेटरी काकांच्या सेवेवर, सचोटीवर भरपूर बोलले. शेवटी म्हणाले, भाभीजींनी घर छान सांभाळलं, त्यांचेही आभार. एवढंच. सेक्रेटरींच्या स्वतःच्या दिवाणखान्यात काकूंनी दिलेला रुमाल पसरलेला होता. मी आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती.

काकू उठल्या. माइक त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतला नव्हता, त्यामुळे तो त्यांनी तोंडापासून बराच लांब धरला. तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“मैंने एक किताब लिखी है,” त्या म्हणाल्या. “उसमें बाईस नमूने हैं. बाईस के बाईस मेरे हैं. सेक्रेटरी साहब बताना भूल गए.”

आणि जागेवर येऊन बसल्या. सेक्रेटरी हातातला कागद उलटसुलट करत राहिले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून टाळ्यांचा आवाज आला. गळ्यातला हार सावरत काका उभे राहिले होते आणि एकटेच टाळ्या वाजवत होते. मग मेहरा आंटी उठल्या, आई उठली, हळूहळू सगळेच उठले. सगळ्यांचे हात थांबले, लोक खाली बसले, तरी काका वाजवतच होते.